न्यूट्रिनो : अणूच्या जमाखर्चातील न दिसणारी बाब

माणसाच्या शरीरात पोटॅशियम हे मूलद्रव्य असते. केळी, बटाटे, डाळी, शहाळ्याचे पाणी यांतून ते आपल्या पोटात जाते, आणि स्नायू व मज्जातंतू यांचे कार्य त्यावाचून चालत नाही. या पोटॅशियमचा अगदी अल्प अंश, म्हणजे दर दहा हजारांत सुमारे एक अणू, किरणोत्सर्गी असतो. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात असे चार हजारांहून अधिक अणू दर सेकंदाला विघटन पावतात. प्रत्येक विघटनाबरोबर एक कण शरीराबाहेर पडतो, घराच्या भिंतीतून, डोंगरातून, किंबहुना सबंध पृथ्वीतूनही आरपार जातो आणि अवकाशात निघून जातो. त्याला विद्युत् भार नाही. त्याचे वस्तुमान इतके अल्प आहे की ते नेमके किती हे आजतागायत मोजता आलेले नाही. वाटेत तो कोणाला स्पर्श करीत नाही, कोणाला इजा करीत नाही. या कणास न्यूट्रिनो असे नाव आहे.

जे दिसत नाही, अडत नाही आणि मागे काही खूण ठेवीत नाही, ते आहे असे कशावरून मानावयाचे, असा प्रश्न शाळेतील एखादा चौकस विद्यार्थी विचारील, आणि त्याने तो विचारावयासच हवा. सव्वीस वर्षे हाच प्रश्न जगातील पहिल्या प्रतीच्या शास्त्रज्ञांपुढेही होता. त्याचे उत्तर एका प्रयोगाने मिळाले नाही. निरनिराळ्या जातींचे पुरावे एकामागून एक गोळा होत गेले. त्यांतील कोणता पुरावा काय सिद्ध करतो आणि काय करीत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

हरवलेली उष्णता

काही अणूंची अणुकेंद्रे अस्थिर असतात आणि आपोआप फुटून दुसऱ्या मूलद्रव्याची अणुकेंद्रे बनतात, हे १८९६ साली हेन्री बेकरेल यांनी पॅरिस येथे लावलेल्या शोधानंतर हळूहळू स्पष्ट झाले. अशा विघटनात बाहेर पडणाऱ्या किरणांना आल्फा, बीटा व गॅमा अशी नावे मिळाली. त्यांपैकी बीटा किरण म्हणजे वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन होत.

येथे जमाखर्चाचा एक साधा हिशेब लागू होतो. फुटण्यापूर्वीच्या अणुकेंद्राची ऊर्जा ठरलेली, फुटल्यानंतरच्या अणुकेंद्राची ऊर्जाही ठरलेली. मग या दोहोंतील फरक घेऊन बाहेर पडणाऱ्या कणाची ऊर्जा दर वेळी तितकीच असली पाहिजे. आल्फा कणांच्या बाबतीत हा हिशेब चोख जमे. बीटा कणांच्या बाबतीत मात्र तो जमेना. जेम्स चॅडविक या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१४ साली बर्लिन येथे बीटा इलेक्ट्रॉन मोजले, तेव्हा एकाच जातीच्या अणूंतून निघालेले इलेक्ट्रॉन शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत वाटेल ती ऊर्जा घेऊन येत असल्याचे आढळले. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि चॅडविक यांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून बर्लिनजवळील रूहलेबेन येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील छावणीत युद्ध संपेपर्यंत अडकून पडावे लागले. प्रश्न तसाच राहिला.

युद्धानंतर दोन मते पुढे आली. बर्लिनच्या लिझे माइटनर यांचे म्हणणे असे की, सर्व इलेक्ट्रॉन अणुकेंद्रातून सारखीच ऊर्जा घेऊन निघतात, परंतु बाहेर येताना आजूबाजूच्या अणूंशी धक्के खाऊन कमीअधिक ऊर्जा गमावतात. पगार सर्वांना सारखाच मिळाला, पण घरी येता येता बाजारात कोणी थोडा खर्च केला, कोणी पुष्कळ, अशातलाच हा प्रकार. केंब्रिजचे चार्ल्स एलिस यांचे म्हणणे याच्या उलट होते. इलेक्ट्रॉन निघतानाच निरनिराळी ऊर्जा घेऊन निघतात, असे ते म्हणत.

या वादाचा निकाल लावण्यास एलिस आणि विल्यम वूस्टर यांनी योजलेली युक्ती साधी होती. इलेक्ट्रॉनने वाटेत ऊर्जा गमावली असेल तर ती कोठे नाहीशी होणार नाही. जवळच्या पदार्थात उष्णतेच्या रूपाने ती शिल्लकच राहील. म्हणून रेडियम-ई या किरणोत्सर्गी पदार्थाचा अंश त्यांनी शिशाच्या एका लहानशा नळीत ठेवला. नळीच्या भिंतीतून इलेक्ट्रॉन बाहेर जाऊ शकत नव्हते. त्यांची सारी ऊर्जा, ती थेट असो वा वाटेत सांडलेली असो, शिशालाच गरम करणार होती. शेजारी तशीच रिकामी नळी तुलनेसाठी ठेवलेली होती. दोहोंच्या तापमानातील फरक अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपास होता, आणि रेडियम-ईचे अर्धायुष्य पाचच दिवसांचे असल्यामुळे तो दिवसेंदिवस ओसरत जाई. हे ओसरणे ठरलेल्या गतीने होत आहे, हीच उष्णता रेडियम-ईची असल्याची खूण होती.

माइटनर यांचे म्हणणे खरे असते, तर दर विघटनामागे कमाल मर्यादेइतकी, म्हणजे त्या वेळच्या मापांनुसार सुमारे साडेदहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जा मिळावयास हवी होती. (इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे अणूंच्या जगातील ऊर्जेचे परिमाण आहे.) १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ती सुमारे साडेतीन लाख भरली. बाहेर येणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची सरासरी काढली असता जवळजवळ तितकीच येत होती. म्हणजे एलिस यांचे म्हणणे खरे ठरले, आणि त्याबरोबरच एक मोठी आपत्ती उभी राहिली. सरासरीने पाहता अणूने टाकलेल्या ऊर्जेपैकी सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा शिशाच्या बंद नळीतूनही पसार झाली होती.

माइटनर यांनी हा निष्कर्ष ऐकीव म्हणून सोडून दिला नाही. विल्हेल्म ऑर्टमान यांच्यासह त्यांनी तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे करून पाहिला. १९३० साली त्यांचेही माप एलिस यांच्या मापाशी जुळले, आणि त्यांनी आपले मत मागे घेतले. स्वतःच्याच मताविरुद्ध जाणारे माप स्वतःच सिद्ध करून देणे ही सोपी गोष्ट नव्हे. शास्त्राच्या इतिहासात अशा प्रसंगांची नोंद नव्या शोधांइतक्याच अगत्याने व्हावयास हवी.

पाउली यांचे पत्र

ऊर्जा निर्माण होत नाही आणि नाशही पावत नाही, हा नियम सर्व पदार्थविज्ञानाचा पाया. आता त्यालाच हादरा बसला. कोपनहेगनचे नील्स बोर हे त्या काळातील अणुविज्ञानाचे मोठे अधिकारी. अणुकेंद्राच्या आत हा नियम कदाचित प्रत्येक घटनेस लागू नसेल, केवळ सरासरीने लागू असेल, अशी शक्यता त्यांनी बोलून दाखविली.

झुरिच येथील तीस वर्षांचे प्राध्यापक वोल्फगांग पाउली यांना हे मान्य नव्हते. ४ डिसेंबर १९३० रोजी त्यांनी जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे जमलेल्या किरणोत्सर्ग-अभ्यासकांना एक पत्र लिहिले. झुरिचमध्ये त्याच सुमारास होणाऱ्या नृत्यसमारंभामुळे आपण सभेस येऊ शकत नाही, असे त्यात कळविलेले होते. पत्रातील मुख्य सूचना अशी की, प्रत्येक बीटा विघटनात इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक हलका, विद्युत् भार नसलेला कण बाहेर पडत असावा. उपलब्ध ऊर्जा त्या दोघांत कधी अशी तर कधी तशी वाटली जाते. दोघांची बेरीज मात्र नेहमी तितकीच राहते. हा दुसरा कण शिशातूनही निसटत असल्यामुळे नळी तापत नाही.

तिजोरी मोजताना रक्कम कमी भरली आणि कारकुनाने ‘अज्ञात इसमास अदा’ अशी नोंद करून कीर्द जुळविली, तर कोणताही लेखापरीक्षक ती नोंद मान्य करणार नाही. पाउली यांची सूचना बाह्यतः याच प्रकारची होती, आणि याची टोचणी सर्वांत अधिक त्यांनाच होती. ही कल्पना छापून प्रसिद्ध करण्याचे धाडस त्यांनी त्या वेळी केले नाही. पाउली यांनी आपल्या कणाला न्यूट्रॉन हे नाव दिले होते. परंतु १९३२ साली चॅडविक यांनीच अणुकेंद्रातील जड, भाररहित कण शोधून काढला आणि ते नाव त्याच्याकडे गेले. मग रोममधील एन्रिको फेर्मी यांच्या मंडळींत पाउलींच्या कणास न्यूट्रिनो, म्हणजे इटालियन भाषेत ‘चिमुकला भाररहित’, हे नाव रूढ झाले.

बोर यांचे म्हणणे खरे की पाउलींचे, याची पहिली कसोटी १९३३ साली एलिस व नेव्हिल मॉट यांनी लावली. थोरियम-सी हा पदार्थ दोन वाटांनी एकाच अंतिम पदार्थापर्यंत पोहोचतो. एका वाटेवर आधी बीटा व मग आल्फा कण निघतो. दुसरीवर आधी आल्फा व मग बीटा. बेळगावहून चोर्ला घाटाने उतरा की अनमोड घाटाने, किनाऱ्यापर्यंत उतरलेली एकूण उंची तीच भरते. त्याचप्रमाणे या दोन्ही वाटांवरील ऊर्जेची बेरीज सारखी यावयास हवी. बीटा कणाची सरासरी ऊर्जा धरली तर ती सारखी येत नाही. कमाल ऊर्जा धरली तर येते. आजच्या मापांनी दोन्ही बेरजा सुमारे १ कोटी १२ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतात. यावरून अणुकेंद्र दर वेळी कमाल मर्यादेइतकी पूर्ण ऊर्जा टाकते, हे दिसून आले. शिवाय ऊर्जेचा नियम केवळ सरासरीने लागू असता, तर एखादा इलेक्ट्रॉन कधीतरी त्या मर्यादेपलीकडेही गेला असता. तसा तो कधीच जात नव्हता.

फेर्मी यांनी १९३३-३४ मध्ये या कल्पनेस पूर्ण गणिती रूप दिले. किती ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन निघतील याचा नेमका आलेख त्यांच्या सिद्धांतातून काढता येई. सुरुवातीच्या काही मोजण्या त्याच्याशी जुळल्या नाहीत, कारण किरणोत्सर्गी पदार्थाचा थर जाड असे व त्यातच इलेक्ट्रॉन मंदावत. पातळ आणि सारख्या जाडीचा थर तयार करून कोलंबिया विद्यापीठातील चिएन-शिउंग वू या चिनी विदुषीने १९४९ साली तांब्याच्या किरणोत्सर्गी प्रकारावर मोजणी केली, तेव्हा आलेख सिद्धांताशी जुळला.

पण न्यूट्रिनो पकडावयाचा कसा? हान्स बेथे व रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९३४ साली गणित करून दाखविले की, घन पदार्थाच्या शेकडो प्रकाशवर्षे जाडीच्या भिंतीतूनही हा कण न अडता जाऊ शकेल. तो प्रत्यक्ष पकडण्याचा व्यवहार्य मार्ग नाही, असाच त्यांचा निर्वाळा होता.

होडीचा धक्का

पकडता येत नसला तरी निसटताना तो मागे काही खूण ठेवतो का, हे पाहणे शक्य होते. होडीतून कोणी धक्क्यावर उडी घेतली की होडी उलट दिशेला सरते, हे नदीकाठच्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. अंधारात उडी घेणारा दिसला नाही, तरी होडी ज्या बाजूस व जितक्या वेगाने सरली त्यावरून कोणी कोणत्या बाजूस उडी घेतली हे सांगता येते. न्यूट्रिनो निघताना अणूही असाच मागे सरला पाहिजे. शास्त्राच्या भाषेत यास प्रतिक्षेप म्हणतात.

अडचण अशी की, नेहमीच्या बीटा विघटनात इलेक्ट्रॉनही उडी घेतो, आणि दोन उड्यांचा हिशेब वेगळा करणे कठीण जाते. यावर उत्तम तोड चीनमधील वांग गानचांग यांनी सुचविली. जपानच्या आक्रमणामुळे त्यांचे चेच्यांग विद्यापीठ मूळ ठिकाण सोडून दूर आतल्या डोंगराळ ग्वेचौ प्रांतात हलले होते. तेथे असा प्रयोग करण्याइतकी साधने नव्हती. त्यांनी आपली सूचना अमेरिकेतील नियतकालिकाकडे पाठविली व ती १९४२ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. बेरिलियम-७ या प्रकारातील अणुकेंद्र इलेक्ट्रॉन बाहेर टाकीत नाही. उलट आपल्याच अणूतील एक इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि लिथियम बनते. येथे बाहेर उडी घेणारा बहुतेक वेळा एकटा न्यूट्रिनोच. म्हणून मागे सरणाऱ्या लिथियमची ऊर्जा दर वेळी सारखी, सुमारे ५७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, असली पाहिजे. अमेरिकेतील जेम्स ॲलन यांनी त्याच वर्षी हा प्रयोग केला. प्रतिक्षेप आढळला, पण पदार्थाच्या थरातून बाहेर येताना लिथियम अणू अडखळत असल्याने तो पुरेसा नेमका आला नाही.

नेमकेपणा आला तो १९५२ साली. जॉर्ज रोडबॅक व ॲलन यांनी आर्गॉन-३७ हा वायू निवडला. वायूचे अणू सुटे असतात. मागे सरताना त्यांना थराचा अडथळा होत नाही. आर्गॉन-३७ इलेक्ट्रॉन ओढून घेऊन क्लोरीन-३७ बनतो. असा क्लोरीनचा अणू ठरावीक अंतर तोडण्यास किती वेळ घेतो हे त्यांनी मोजले. सिद्धांताप्रमाणे त्याचा वेग सेकंदाला सुमारे सात किलोमीटर असावयास हवा होता, आणि तो तितकाच भरला. त्याच वर्षी रेमंड डेव्हिस यांनी बेरिलियमचा प्रयोग अधिक शुद्ध थर घेऊन पुन्हा केला आणि अपेक्षित ५७ च्या जागी सुमारे ५६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळविले. या दोन प्रयोगांचे महत्त्व विशेष आहे. प्रतिक्षेप एकाच ठरावीक वेगाचा आला, याचा अर्थ प्रत्येक विघटनात एकच कण ती सर्व ऊर्जा घेऊन जातो. दोन-तीन कणांत ती वाटली गेली असती तर वेग कमीजास्त आला असता.

डोळ्यांना पाहण्यासारखा पुरावा हंगेरीतील डेब्रेत्सेन येथे शांदोर सालाय व ज्युला चिकाय यांनी १९५६ साली मिळविला. बाष्पाने भरलेल्या मेघपेटीत विद्युत् भारित कण गेल्यास त्याच्या वाटेवर सूक्ष्म थेंबांची रेघ उमटते. हेलियम-६ च्या विघटनाच्या त्यांनी घेतलेल्या छायाचित्रात इलेक्ट्रॉन व लिथियम यांच्या दोन रेघा समोरासमोर विरुद्ध दिशांना न जाता एकाच बाजूस कललेल्या दिसतात. उरलेल्या बाजूस रेघ नाही. पण तिकडे काहीतरी गेले, हे त्या रिकाम्या जागेवरूनच कळते.

सव्हाना नदीकाठी

एवढ्यावरही एक उणीव राहत होती. मनिऑर्डरीच्या काळी पैसे पाठविल्याची पावती टपाल कचेरीत लगेच मिळे. परंतु गावी ज्याच्या हाती पैसे पडले त्याची सही परत आली म्हणजेच घरच्यांचा जीव भांड्यात पडे. प्रतिक्षेपाचे प्रयोग ही पाठविल्याची पावती होती. कण दुसरीकडे पोहोचला आणि तेथे त्याने काही केले, याची सही अद्याप आलेली नव्हती.

ती आणण्याचे काम लॉस अलामॉस येथील फ्रेडरिक राइन्स व क्लाइड कोवन यांनी हाती घेतले. न्यूट्रिनो क्वचितच अडतो. तेव्हा ते अगणित संख्येने हवेत. प्रथम त्यांचा बेत अणुबाँबच्या चाचणीचा उपयोग करण्याचा होता. स्फोटस्थळाजवळ खोल विहीर खणून, ऐन स्फोटाच्या क्षणी उपकरण तीत मोकळे सोडून द्यावयाचे, अशी ती योजना. तिला मंजुरीही मिळाली होती! सुदैवाने १९५२ च्या अखेरीस त्यांच्या ध्यानात आले की, उपकरण योग्य तऱ्हेने रचल्यास अणुभट्टीही चालेल. अणुभट्टीत युरेनियमचे अणू दुभंगतात, आणि त्यांचे तुकडे हे स्वतः किरणोत्सर्गी असल्याने बीटा विघटन पावत राहतात. प्रत्येक दुभंगामागे सरासरीने सहा न्यूट्रिनो, अचूक शब्दांत प्रतिन्यूट्रिनो, बाहेर पडतात.

प्रतिन्यूट्रिनो पाण्यातील प्रोटॉनवर आदळला तर क्वचित प्रसंगी प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि एक पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, निर्माण होतो. पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच नष्ट होतो व त्याच क्षणी दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना सुटतात. न्यूट्रॉन मात्र काही काळ भटकतो. पाण्यात विरघळविलेल्या कॅडमियमने तो टिपला की पुन्हा गॅमा किरण निघतात. हा विलंब सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांचा असतो. ओळखीच्या माणसाने ठरल्याप्रमाणे दार वाजवावे, आधी एकदम दोन थापा, मग क्षणभर थांबून तिसरी, तशी ही खूण आहे. एखादी थाप वाऱ्यानेही पडेल. ठरलेल्या अंतराने पडलेल्या थापा वाऱ्याच्या नसतात.

१९५३ साली वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे पहिला प्रयत्न झाला. खुणा आढळल्या, परंतु अणुभट्टी बंद असतानाही उपकरण जवळजवळ तितकेच खणखणत राही. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा तो उपद्रव होता. केवळ आशा वाटावी इतकाच पुरावा हाती आल्याने त्यांनी तो अंतिम मानला नाही व उपकरण नव्याने रचले.

दुसऱ्या वेळी दक्षिण कॅरोलायनातील सव्हाना नदीकाठची मोठी अणुभट्टी मिळाली. भट्टीपासून ११ मीटरवर, जमिनीखाली १२ मीटर खोल जागा होती; डोक्यावरील बांधकामामुळे विश्वकिरणांचा त्रास पुष्कळ घटला. प्रत्येकी सुमारे २०० लिटर पाण्याच्या दोन टाक्या आणि त्यांच्या खाली-वर, गॅमा किरण पडताच चमकणाऱ्या द्रवाच्या तीन मोठ्या टाक्या, अशी थरावर थर रचना होती. चमकणाऱ्या द्रवाची प्रत्येक टाकी १,४०० लिटरांची होती व तिच्यावर ११० प्रकाशगुणक नळ्यांचा पहारा होता. त्या जागी एका चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला सुमारे दहा लाख कोटी प्रतिन्यूट्रिनो जात होते. त्यांपैकी खूण पटविणारे निघाले तासाला सुमारे तीन!

इतक्या थोड्या घटनांवर विश्वास ठेवावयाचा तर त्यांची उलटतपासणी कसून व्हावयास हवी. राइन्स व कोवन यांच्या कामाचे खरे वैभव या उलटतपासणीतच आहे. भट्टी चालू असताना व बंद असताना मिळून १,३७१ तास मोजणी झाली; भट्टी बंद होताच खुणा घटत. पाण्यात पॉझिट्रॉन देणारा किरणोत्सर्गी तांब्याचा अंश विरघळवून पहिला संकेत पॉझिट्रॉनचाच असल्याचे पडताळण्यात आले. कॅडमियमचे प्रमाण बदलले तेव्हा दुसऱ्या संकेताचा विलंब अपेक्षेप्रमाणे बदलला. मग पाण्यात जड पाणी मिसळून प्रोटॉनांची संख्या निम्म्यावर आणली. खुणाही त्या मानाने उतरल्या. शेवटची शंका अशी की, भट्टीतून झिरपणारे न्यूट्रॉन वा गॅमा किरणच हे सोंग आणीत नसतील कशावरून? त्यासाठी लाकडाचा भुसा भरलेली पोती पाण्याने भिजवून भट्टी व उपकरण यांच्या मध्ये रचण्यात आली. न्यूट्रॉन अशा ओल्या भिंतीत अडतात, न्यूट्रिनो अडत नाहीत. खुणा घटल्या नाहीत. कोट्यवधींच्या भट्टीशेजारी शेवटचा निकाल ओल्या भुशाच्या पोत्यांनी द्यावा, यात मौज आहे खरी. पण प्रश्न नेमका विचारला असेल तर साधने साधी चालतात, याचे हे उदाहरण शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे.

१४ जून १९५६ रोजी दोघांनी पाउली यांना तार केली. जिनीव्हा येथील युरोपीय संशोधन केंद्रातील सभेत पाउलींनी ती वाचून दाखविली. त्यांच्या पत्राला तेव्हा साडेपंचवीस वर्षे झाली होती, आणि पुढे अडीच वर्षांनी, डिसेंबर १९५८ मध्ये, ते वारले. राइन्स यांना या कार्यासाठी नोबेल पारितोषिक १९९५ साली मिळाले. कोवन १९७४ सालीच निवर्तले असल्याने त्यांना त्यात वाटा मिळू शकला नाही.

पुढील मोजण्या

आर्गॉन-३७ चा क्लोरीन होताना न्यूट्रिनो बाहेर पडतो. मग उलट दिशेने, न्यूट्रिनो क्लोरीनवर आदळून आर्गॉन व्हावयास हवा. डेव्हिस यांनी क्लोरीनयुक्त द्रवाच्या टाक्या अणुभट्टीपाशी ठेवून असा आर्गॉन शोधला, पण तो मिळाला नाही. हे अपयश नव्हते. भट्टीतून येतो तो प्रतिन्यूट्रिनो, आणि तो न्यूट्रिनोचे काम करीत नाही, हे त्यातून कळले. पुढे १९५८ साली ब्रुकहेवन येथे मॉरिस गोल्डहाबर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी युरोपियमच्या विघटनावरून न्यूट्रिनो स्वतःभोवती नेहमी डावखुराच फिरतो, हेही दाखविले.

आपल्या देशात म्हैसूर राज्यातील, म्हणजे आजच्या कर्नाटकातील, कोलार सोन्याच्या खाणीत १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांसह न्यूट्रिनोंचा वेध घेतला, याचा योग्य अभिमान बाळगला जातो. ते न्यूट्रिनो विश्वकिरणांमुळे वातावरणात निर्माण झालेले होते. किरणोत्सर्गातून आलेले नव्हते. दोन्ही गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून हे येथे नमूद केले. किरणोत्सर्गातील प्रतिन्यूट्रिनोंसाठी तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीपाशी भाभा अणुसंशोधन केंद्राने चमक देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची मांडणी उभारली आहे. भट्टीच्या आतील घडामोडींवर बाहेरून लक्ष ठेवण्यास तिचा उपयोग व्हावा, हाही तिचा एक हेतू आहे. गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात असलेली कैगा येथील भट्टी, किंवा तारापूर व काक्रापार येथील भट्ट्या, यांतूनही असे कण अहोरात्र बाहेर पडतात व आसपासच्या गावांतून निमूटपणे जातात. त्यांच्यापासून भय बाळगण्याचे कारण नाही. जो कण पृथ्वीत अडत नाही तो माणसाच्या देहात काय अडणार!

पृथ्वीच्या पोटातही युरेनियम व थोरियम विघटन पावत असतात. जपानमधील कामिओका खाणीत १,००० टन चमकणारे द्रव ठेवून २००५ साली या भूगर्भातील प्रतिन्यूट्रिनोंच्या पहिल्या खुणा टिपण्यात आल्या. पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे निम्मी किरणोत्सर्गातून येते, असा अंदाज पुढील मोजण्यांवरून बांधता आला. कोणत्याही विहिरीने वा विंधनाने पोहोचता येणार नाही अशा खोलीची वार्ता हे कण वर घेऊन येतात.

वस्तुमानाचा शोध अद्याप चालू आहे. जर्मनीतील कार्ल्सरूए येथे ट्रिशियम या हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी प्रकारातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या कमाल मर्यादेची अतिशय बारकाईने मोजणी केली जाते. न्यूट्रिनोस वस्तुमान असेल तर त्या टोकाशी आलेख किंचित वळला पाहिजे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार हे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे. चॅडविक यांना १९१४ साली ज्या आलेखाने कोड्यात टाकले, त्याचेच हे शेवटचे टोक होय.

एक हिशेब मात्र अजून जमलेला नाही. माणसाने तयार केलेल्या किरणोत्सर्गी पदार्थातील न्यूट्रिनो प्रथम मोजले गेले ते १९९४-९५ च्या सुमारास. इटलीतील ग्रान सासो पर्वताखाली व रशियातील काकेशस पर्वतातील बाक्सान येथे गॅलियम या धातूच्या साठ्यात तीव्र किरणोत्सर्गी क्रोमियम-५१ ठेवण्यात आले. न्यूट्रिनो गॅलियमवर आदळला की त्याचे जर्मेनियम होते, आणि ते अणू एकेक करून मोजता येतात. पुढे बाक्सान येथे आर्गॉन-३७ चाही असाच उपयोग झाला. सर्व मापे एकत्र केली असता अपेक्षेच्या सुमारे ८७ टक्के अणू भरले. तूट लहान होती व योगायोगाची म्हणता आली असती. म्हणून बाक्सान येथे गॅलियमचे एकात एक असे दोन साठे करून, मध्यभागी अधिक तीव्र क्रोमियम ठेवून नवा प्रयोग करण्यात आला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मापांत आतील साठ्यात सुमारे ७९ व बाहेरील साठ्यात सुमारे ७७ टक्केच अणू मिळाले. तूट घटण्याऐवजी वाढली. न्यूट्रिनोचा आणखी एखादा अज्ञात प्रकार असून काही न्यूट्रिनो वाटेत त्याचे रूप घेतात, असे काहींनी सुचविले. परंतु अन्य प्रयोगांचा या सूचनेस आधार मिळालेला नाही. जर्मेनियमचे अर्धायुष्य चुकीचे धरले गेले असावे, अशीही शंका निघाली. ते पुन्हा मोजून पाहिले असता पूर्वीच्या मापाप्रमाणेच साडेअकरा दिवसांच्या जवळपास भरले.